खातेदार कोण, शेतकरी कोण?

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे निघाले की वाटेत करकंब लागते. उसाचे आणि द्राक्षांचे मोठे गाव. विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट इथलेच, आणि बाजार आमटीचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्याबाहेरचे लोकही करकंबचे नाव घेतात. या गावात ऊस लावणारा कोणीही एक शेतकरी डोळ्यांसमोर आणावा. सातबाऱ्यावर तो भोगवटादार असतो. आठ-अ वर खातेदार. विकास सोसायटीत सभासद, आणि पीककर्ज उचलले की कर्जदार. कारखान्याच्या दप्तरात ऊस उत्पादक. महावितरणचा ग्राहक, कालव्याच्या पाण्याचा लाभधारक, पीएम-किसानचा लाभार्थी आणि रेशनकार्डावर कुटुंबातला सदस्य. माणूस एकच, नावे नऊ.

शहरात बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हे सगळे शब्द समानार्थी वाटणे अगदी शक्य आहे. मग तो ‘शेतकरी’ नावाचा एक तक्ता तयार करतो, त्यात सगळ्यांना भरतो आणि काम सोपे झाले असे समजतो. खरी अडचण तिथूनच सुरू होते, कारण या नऊ नावांतले प्रत्येक नाव वेगळे नाते सांगते. भोगवटादाराचे नाते जमिनीच्या तुकड्याशी, खातेदाराचे गावातल्या सगळ्या तुकड्यांच्या बेरजेशी, सभासदाचे संस्थेशी, उत्पादकाचे उभ्या पिकाशी. एका गटात ही चारही नाती एकाच माणसाकडे असतील, पण शेजारच्याच गटात भोगवटादार वडील, कर्जदार थोरला मुलगा आणि ऊस घालणारा धाकटा, असेही असते. देवस्थान इनामाच्या जमिनीवर तर भोगवटादार म्हणून देवाचे नाव असू शकते. ज्या तक्त्याचे नाव ‘शेतकरी’ आणि ज्यात जन्मतारीख व मोबाइल नंबर भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्या तक्त्यात देवाला कुठे बसवणार?

याच चुकीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. सातबाऱ्यावरून उचललेल्या नावांच्या यादीला ‘शेतकरी’ म्हटले की, ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही ते आपोआप शेतकरी उरत नाहीत. उसाची खुरपणी, द्राक्षाची विरळणी, जनावरांची वैरण अंगावर घेणाऱ्या हजारो बायका अशा एका शब्दाने यादीबाहेर जातात. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम चालवली आणि १९९२ साली शासनाने त्याच नावाने परिपत्रक काढून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली, ती याच जाणिवेतून. सॉफ्टवेअर करणाऱ्याने त्या तक्त्याला प्रामाणिकपणे ‘भोगवटादार’ म्हटले असते, तर निदान त्यात कोण नाही हे तरी लक्षात राहिले असते.

सॉफ्टवेअरच्या जगात या प्रश्नावर सर्वांत नेटके लेखन केले ते एरिक इव्हान्स यांनी. त्यांचे ‘डोमेन-ड्रिव्हन डिझाइन’ हे पुस्तक २००३ साली आले. त्यातला एक आग्रह असा की, ज्या व्यवहारासाठी सॉफ्टवेअर बनते आहे त्या व्यवहारातली माणसे जे शब्द वापरतात तेच शब्द बैठकीत, कागदावर, पडद्यावर आणि कोडमध्येही असावेत. तलाठी ‘फेरफार’ म्हणत असतील आणि कोडमध्ये ‘अपडेट’ लिहिले असेल, तर मधल्या मध्ये कोणीतरी रोज भाषांतर करत बसतो आणि प्रत्येक भाषांतरात थोडा अर्थ सांडतो. फेरफार म्हणजे नुसता बदल नव्हे. त्याला क्रमांक असतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत असते, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात किंवा रद्द करतात. हे सगळे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये आहे. ‘अपडेट’ म्हटले की बटण दाबून मोकळे होता येते; ‘फेरफार’ म्हटले की ही सारी पावले आठवतात.

मूळ संकल्पनेचे नाव चुकले तर काय होते, याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण कर्जमाफीचे आहे. जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखाची मर्यादा होती, आणि ती ‘कुटुंबा’ला होती. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालची मुले. कागदावर हे न्याय्य वाटते. पण बँकेच्या संगणकात कुटुंब नावाची वस्तूच नसते. तिथे असते कर्ज खाते आणि त्याचा खातेदार. नवऱ्याचे कर्ज जिल्हा बँकेत, बायकोचे राष्ट्रीयीकृत बँकेत, तर ती दोघे एका घरची आहेत हे कोणतीच बँक सांगू शकत नाही. म्हणून लोकांकडून ऑनलाइन अर्ज मागवून कुटुंबाची माहिती घ्यावी लागली, ती बँकांच्या याद्यांशी जुळवावी लागली, आणि याद्या तपासण्याचे काम लांबत गेले. पुढे हीच अट शिथिल करून कुटुंबाऐवजी व्यक्ती धरण्यात आली. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांची मर्यादा पहिल्यापासूनच वैयक्तिक शेतकऱ्याला होती आणि ओळख आधारवर ठेवलेली होती. कोणती योजना अधिक न्याय्य, हा वेगळा वाद आहे. पण दुसऱ्या योजनेची मूळ संकल्पना नोंदवहीत सापडणारी होती आणि पहिलीची नव्हती, एवढे मात्र निर्विवाद.

‘कुटुंब’ हा शब्द एवढ्यावर थांबत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसानमध्ये वर्षाला सहा हजार रुपये कुटुंबाला मिळतात, आणि तिथेही कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले. रेशनकार्डावरचे कुटुंब मात्र एका चुलीचे. दोन भाऊ, त्यांच्या बायका, आईवडील असा एकत्र संसार असेल तर रेशनकार्डाच्या हिशेबी ते एक कुटुंब आणि पीएम-किसानच्या हिशेबी तीन. या दोन याद्या जोडणारे सॉफ्टवेअर लिहायचे असेल तर दोन्हीकडे ‘कुटुंब’ असा एकच रकाना ठेवणे म्हणजे भांडणाला आमंत्रण देणे. एकाला ‘शिधापत्रिका कुटुंब’ आणि दुसऱ्याला ‘पती-पत्नी घटक’ म्हणावे. लांबलचक वाटेल, पण गोंधळ होणार नाही.

आता एक सातबारा जवळ घेऊन पाहण्यासारखा आहे. वर ठळक अक्षरांत लिहिलेले असते: गाव नमुना सात, अधिकार अभिलेख पत्रक. खाली गाव, तालुका, जिल्हा. मग भूमापन क्रमांक व उपविभाग, भूधारणा पद्धती, शेताचे स्थानिक नाव. आणि त्याखाली क्षेत्र, खाते क्रमांक, भोगवटादाराचे नाव, आकार, पोटखराब, फेरफार क्रमांक. उजव्या बाजूला कूळ, खंड व इतर अधिकार. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. महसुली गाव नमुने एक ते एकवीस आहेत, त्यांतले हे सातवा आणि बारावा एकत्र छापले जातात म्हणून सातबारा. सॉफ्टवेअरच्या पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असते की नाव वर्णन करणारे असावे. ‘अधिकार अभिलेख पत्रक’ हे नाव अचूक वर्णन करते आणि गावात ते कोणी उच्चारत नाही. ‘सातबारा’ काहीच वर्णन करत नाही, तरीही मराठी मुलखात त्याच्याइतके स्पष्ट नाव शोधून सापडणार नाही, कारण ते एकाच गोष्टीला लागते आणि सगळे तेच वापरतात. लोकांच्या तोंडी पक्के बसलेले आणि एकच अर्थ असलेले नाव मिळाले तर ते बिनदिक्कत घ्यावे. वर्णनाचा हट्ट धरू नये.

त्याच कागदावर उलटी उदाहरणेही आहेत. ‘आकार’ म्हणजे शेतसाऱ्याची आकारणी, रुपये-पैशांत. नवखा माणूस तो जमिनीचा आकार समजतो. ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, घराणे नव्हे. जुन्या नोंदींत नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ आणि ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे दिसतात. पहिले म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, दुसरे म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पहिल्या प्रकारात कागदावर नाव एकाचे असते आणि हक्क अनेकांचे. संगणकाने ते नाव जसेच्या तसे उचलले की चार भावांची जमीन एकट्या थोरल्याची दिसू लागते, आणि तीन अक्षरे न कळल्यामुळे घरात वाद उभा राहतो. संक्षेप लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक असतो. त्याच्या जागी बदलून आलेल्या माणसाला तो ठाऊक असेलच असे नाही. कोडमध्ये नावे आखडून लिहिणाऱ्यांनी हे दोन शेरे समोर ठेवावेत. याउलट, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी २०२५ मध्ये राज्यभर जी मोहीम निघाली तिला ‘जिवंत सातबारा’ असे नाव दिले गेले. ज्याला वारसाच्या नोंदीचे नियम ठाऊक नाहीत त्यालाही या नावावरून काम कशाचे आहे ते कळते.

क्षेत्राच्या रकान्याचे तर खास सांगायला हवे. गावात बोलताना हिशेब एकर-गुंठ्यांचा चालतो. ‘एक वीस’ म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजेच दीड एकर, कारण एकराचे गुंठे चाळीस. सातबाऱ्यावर १.२० असे दिसले तर ते एक हेक्टर वीस आर असते, आणि ते होतात जवळपास तीन एकर. आकडा तोच, जमीन दुप्पट. शिवाय पुढे चौरस मीटरसाठी आणखी एक टिंब येते, तेव्हा ही दशांश संख्या आहे असेही मानून चालत नाही. रकान्याचे नाव नुसते ‘क्षेत्र’ ठेवले तर भरणारा आपल्या सवयीप्रमाणे भरेल. ‘क्षेत्र हेक्टर-आर’ असे ठेवले तर निदान थबकेल. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना सुधारला तेव्हा शेतीसाठी हेक्टर-आर-चौरस मीटर आणि बिनशेतीसाठी आर-चौरस मीटर अशी एकके स्पष्ट छापायचे ठरले, हे फार चांगले झाले. अमेरिकेच्या नासासारख्या संस्थेलाही हा फटका बसलेला आहे: १९९९ मध्ये मंगळाकडे पाठवलेले क्लायमेट ऑर्बिटर यान हातचे गेले, कारण जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आकडे पौंडांच्या मापात दिले आणि पुढच्याने ते न्यूटनच्या मापातले समजून वापरले.

एककापेक्षाही फसवा शब्द म्हणजे ‘वर्ष’. करकंब भागातला आडसाली ऊस घ्या. जुलै २०२३ मध्ये लागण झाली. आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू होते, म्हणून सोसायटीच्या आणि बँकेच्या हिशेबी ते २०२३-२४. महसुली वर्ष एक ऑगस्टला सुरू होते, म्हणून चावडीच्या हिशेबी ते अजून २०२२-२३. साखरेचे वर्ष ऑक्टोबरपासून, म्हणून कारखान्याच्या हिशेबीही २०२२-२३. ऊस सतरा महिन्यांनी, डिसेंबर २०२४ मध्ये तुटून गेला, तेव्हा मात्र तिन्हीकडे २०२४-२५. आता एखाद्या ॲपमध्ये ‘वर्ष’ असा एकच रकाना आहे आणि त्यात हे पीक नोंदवायचे आहे. महसूल, सहकार आणि साखर या तिन्ही खात्यांची माहिती जोडणाऱ्या कोणत्याही प्रकल्पात हा रकाना पहिल्या महिन्यातच रक्त आटवतो. ‘महसुली वर्ष’, ‘आर्थिक वर्ष’, ‘गाळप हंगाम’ हे तिन्ही शब्द त्या त्या दप्तरात आधीपासून रुळलेले आहेत. नवे काही शोधायचे नाही. आहेत ते गाळायचे नाहीत.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करतो. त्यात पिकाचा वर्ग निवडताना ‘निर्भेळ पीक (एक पीक)’ असा पर्याय दिसतो. ‘निर्भेळ’ हा शब्द गाव नमुना बारामधून आलेला आहे आणि तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या होता. पण तेव्हा तो रकाना तलाठी भरत असत. भरणारा बदलला, म्हणून कंसात खुलासा द्यावा लागला. नावापुढे कंस उघडावा लागला की समजावे, कंसातला शब्दच खरा चालणारा आहे.

एकदा ठेवलेले नाव बदलणे किती जड जाते याचा अनुभव जगभरच्या प्रोग्रॅमरना रोज येतो. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवण्यासाठी लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेले गिट आज बहुतेक सगळे वापरतात. त्यात बदल कायम करण्यापूर्वी ते जिथे गोळा होतात त्या जागेला कागदपत्रांत ‘इंडेक्स’ म्हणतात, काही आज्ञांत ‘कॅश्ड’ लिहावे लागते आणि शिकवणारे ‘स्टेजिंग एरिया’ म्हणतात. एका वस्तूची तीन नावे, आणि शिकणाऱ्याला त्या तीन वस्तू वाटतात. ‘चेकआउट’ या आज्ञेचे दुखणे उलटे: एकाच नावाखाली शाखा बदलणे आणि फाइल पूर्ववत करणे ही दोन अगदी निराळी कामे. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ या दोन नव्या आज्ञा आल्या. जुनी मात्र काढता आली नाही. ती आजही चालते, कारण लाखो लोकांच्या हातात ती बसलेली आहे.

मराठी राज्यकारभाराला हा अनुभव फार आधी आलेला आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कारभारात रूढ झालेल्या जवळपास १,४०० शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि ते विषयवार दहा वर्गांत लावले. राज्यभर एक संकल्पना, एक नाव अशी ही शिस्त होती. पेशव्याला प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, डबिराला सुमंत अशी नावे मिळाली. त्यांतले सचिव, सेनापती हे शब्द आजही आपल्या वापरात आहेत. पण ‘पेशवा’ काही हटला नाही. पुढे शंभर वर्षांचा काळच त्या नावाने ओळखला गेला. चांगल्या नावालाही वापरणाऱ्यांची संमती लागते.

अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, राज्य सरकारने तलाठ्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी केले, आणि ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी हे नाव दिले. या कर्मचाऱ्यांना पदाचा मान मिळायला हवा, यात वाद नाही. पण तलाठी आणि ग्रामसेवक हे दोन शब्द ऐकताच वेगळे कळत होते. नवी दोन्ही नावे ‘ग्राम’ने सुरू होतात, ‘अधिकारी’ने संपतात, वर्णक्रमाच्या यादीत जवळजवळ बसतात आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर अर्धवट तुटली की सारखीच दिसतात. वारसाचा अर्ज एकाकडे आणि घरपट्टीचा दाखला दुसऱ्याकडे असतो. ॲप बनवणाऱ्यांनी इथे पदनामासोबत ‘जमीन’ आणि ‘ग्रामपंचायत’ असे काम दाखवणारे शब्द ठळक ठेवले तर लोकांचा हेलपाटा वाचेल.

मग नावे ठरवायची कशी? सुरुवात कागदांपासून करावी. उतारे, पावत्या, अर्ज, नोंदवह्या समोर घेऊन त्यांतले शब्द जसेच्या तसे लिहून काढावेत. नंतर प्रत्येक शब्दापुढे एका ओळीत तो काय आहे आणि काय नाही हे लिहावे. ‘काय नाही’ ही बाजू अधिक महत्त्वाची. ‘खाते’ घेतले तर चार ओळी लागतील: आठ-अ चे जमीन खाते, सोसायटीचे कर्ज खाते, बँकेचे बचत खाते आणि ॲपमध्ये शिरण्याचे लॉगिन खाते. यांतल्या कोणालाही कोडमध्ये नुसते ‘खाते’ म्हणायचे नाही, असा नियमच करावा. त्यानंतर यादीवर आडवळणाची माणसे सोडावीत: मयत खातेदार, अज्ञान वारस, सामाईक खाते, देवस्थान, सरकारी जमीन, एकाच नावाचे दोघे. ज्या नावाखाली ही सगळी बसत नाहीत ते नाव पुन्हा पाहावे. आणि शेवटी ती यादी सोसायटीच्या सचिवांसमोर, तलाठी कार्यालयात, कारखान्याच्या शेतकी विभागात मोठ्याने वाचावी. जिथे ऐकणारा ‘म्हणजे काय?’ विचारतो तिथे नाव कच्चे आहे. रोमन लिपीत ‘फेरफार’ लिहिताना सुरुवातीला एफ लावायचा की पी-एच, एवढा बारीक निर्णयही यादीतच घालून टाकावा. नाहीतर एकाच तक्त्याची दोन रूपे तयार होतात आणि शोधणारा वैतागतो.

हे काम आता तातडीचे आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये. शेतकरी ओळख क्रमांकाची योजना सातबारा, पीक आणि माणूस एकमेकांना जोडू पाहते आहे. इतकी वर्षे वेगवेगळ्या कपाटांत राहिलेले शब्द एका पडद्यावर येत आहेत.

पंढरपूरजवळ गोपाळपूरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि करकंब, भोसे, बार्डीसारख्या गावांतली मुले-मुली तिथे, सोलापूरला, पुण्याला शिकून सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागत आहेत. लागण आणि खोडवा यांतला फरक त्यांना घरातून माहीत आहे. आठ-अ काढायला वडिलांबरोबर तलाठी कार्यालयात जाऊन ती उभी राहिलेली आहेत. प्रकल्पाच्या बैठकीत कोणी फळ्यावर नुसते ‘युजर’ किंवा ‘फार्मर’ लिहिले, तर त्यांनी संकोच न करता हात वर करावा, हा भोगवटादार की कसणारा की कर्जदार ते विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढची ओळ लिहू देऊ नये.